शिकवणाऱ्याचा तास कुणाच्या हिशेबात?

मोठ्या कंपनीतल्या अप्रेंटिसशिपचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी विचारतात. विद्यावेतन किती मिळतं, आणि पुढे कायम करतात का? प्रश्न पोटाचे आहेत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. धोरण ठरवणारेही साधारण याच दोन खुंट्यांवर सगळं टांगतात: किती जणांना संधी दिली आणि त्यातले किती नोकरीला लागले. मी स्वतः एका मोठ्या कंपनीत शिकाऊ म्हणून वर्ष काढलं आहे आणि मला मात्र तिसराच प्रश्न छळतो. तिथे आम्हाला शिकवलं कुणी? आणि ज्याने शिकवलं, त्याचा तो वेळ कंपनीने कोणत्या खात्यात मांडला?

आमचे पहिले दोन आठवडे झकास गेले. सुरक्षेचे धडे मिळाले. मशीनमध्ये हात घालण्याआधी वीज तोडायची, मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, दुसऱ्याच्या भरवशावर नाही. मग मोजमाप विभाग दाखवला. तिथलं तापमान वर्षभर २० अंश सेल्सियस. मशीनवरून गरम उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला धातूचा तुकडा, तिथे आणला की लगेच मोजत नाहीत, निवू देतात. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर साधारण ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांबतो, आणि तेवढ्यात जॉब पास की नापास याचा निकाल फिरू शकतो. हे सूत्र मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण निवण्यासाठी रांगेत ठेवलेले जॉब पाहिले तेव्हा ते पहिल्यांदा खरं वाटलं. लहान वर्कशॉपमध्ये अशी खोली कुठून असणार? मोठ्या कंपनीचं हे देणं मान्य करूनच पुढचं लिहितो आहे.

तिसऱ्या आठवड्यात मला सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू गोल कातणाऱ्या मशीनच्या, लाइनवर टाकलं. 'टाकलं' हाच तिथला शब्द. ज्यांच्या हाताखाली टाकलं त्यांना सगळे काका म्हणत. काका बोलायला कमी. पहिल्या दिवशी म्हणाले, "आज काही करू नकोस. नुसता आवाज ऐक." कापणाऱ्या इन्सर्टची धार उतरू लागली की आवाज बदलतो, जॉबवरची चकाकी जाते, कापून पडणाऱ्या चिप्सचा रंग आणि वळण वेगळं दिसायला लागतं. स्क्रीनवर त्यातलं काहीच येत नसतं. चार दिवसांनी मला तो फरक कळायला लागला. निदान तसं वाटलं तरी.

मग तो प्रसंग घडला. शाफ्टचा, म्हणजे गोल दांड्याचा, व्यास ०.०२ मिलिमीटरने जास्त येत होता. काका म्हणाले, "ऑफसेट तू दे." ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती. उणे ०.०२ द्यायचा होता, मी उणे ०.२ दिला. एका शून्याचा फरक. वर, पहिला जॉब मोजायच्या आधीच उत्साहात आणखी दोन कापून मोकळा झालो. तिन्ही भंगारात. काकांनी मशीन थांबवलं, तीनही जॉब माझ्यासमोर मांडले आणि मायक्रोमीटर हातात दिला. "मोज. आणि सांग, मशीनने काय केलं आणि तू काय केलंस." पुढची पंचवीस मिनिटं आम्ही तेच करत होतो. ऑफसेट व्यासावर लागतो की त्रिज्येवर, बदल मोठा असेल तर आधी एकच जॉब कापून का थांबायचं, शंका आली की आधी जास्तीचं माप ठेवून का कापायचं. कापलेलं परत चिकटत नाही, राहिलेलं पुन्हा कापता येतं. त्या पंचवीस मिनिटांत मला जेवढं इंजिनिअरिंग कळलं, तेवढं उरलेल्या वर्षात कळलं नाही.

आता हीच पंचवीस मिनिटं कंपनीच्या बाजूने बघा. मशीन थांबलं की टर्मिनलवर कारण निवडावं लागायचं. टूल बदल, सेटिंग, माल नाही, वीज नाही, देखभाल अशी यादी होती. 'शिकवणं' हे कारण त्या यादीत नव्हतं. काकांनी 'सेटिंग' दाबलं. म्हणजे मला शिकवण्यासाठी त्या माणसाला खोटी नोंद करावी लागली. दर तासाचं उत्पादन लिहिण्याच्या बोर्डावर त्या शिफ्टला ते चौदा नगांनी मागे राहिले. सुपरवायझर आले, आणि विचारणा झाली ती काकांना. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं की अप्रेंटिसने ऑफसेटला हात लावायचा नाही. सुपरवायझर वाईट माणूस होता असं नाही. त्याच्यापुढे जे आकडे होते त्यांच्याशी तो इमानदार राहिला. पुढचे अकरा आठवडे मी जॉब लावले, उतरवले, कडांचे बर (कापताना उरलेले धातूचे बारीक काटे) काढले आणि बारकोडचे स्टिकर चिकटवले. लॉगबुकात मात्र दर आठवड्याला 'सीएनसी ऑपरेशन' असं लिहिलं जात होतं आणि खाली सही होत होती.

वस्ताद शेवटचा डाव राखून ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतात. कारखान्यातल्या जुन्या माणसांवरही हा आळ येतो: शिकवत नाहीत, हातचं राखतात, आपली जागा जाईल म्हणून भितात. काही तसे असतीलही. पण मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांना शिकवायची हौस होती. कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांना अडवत होता तो बोर्ड. ज्याचा पगारवाढीचा हिशेब नगांवर ठरतो, त्याने नग सोडून शिकाऊकडे बघावं अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या खिशातून माझं शिक्षण करून घेणं. काकांनी ते केलं. सगळ्यांनी करावं हा आग्रह धरायचा हक्क कुणाला आहे?

शिकाऊ आणि उत्पादन यांतली ही ओढाताण जुनीच आहे. हेन्री मॉडस्ले हा ब्रिटिश यंत्रकार बाराव्या वर्षी वुलविचच्या शस्त्रागारात काडतुसं भरायच्या कामावर लागला, मग सुतारकाम, मग लोहारकाम करत अठराव्या वर्षी कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात पोचला. पुढे त्याच्या स्वतःच्या कारखान्यातून जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ, रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमंट अशी माणसं घडून बाहेर पडली. एका छपराखालून इतके यंत्रकार निघाले ते कसे, याचं थोडं उत्तर तिथल्या बाकांवर होतं. कामगारांच्या जागी अचूक सपाट केलेल्या पट्ट्या ठेवलेल्या असत, आपलं काम त्यांवर ज्याने त्याने पडताळून घ्यायचं. आणि मॉडस्लेच्या बाकावर एक मायक्रोमीटर असे, त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत, कारण मापाचा तंटा निघाला की त्याचा निवाडा शेवटचा. चूक कुणाची हे मालक ठरवत नसे, माप ठरवत असे. शिकणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता?

पण याच मॉडस्लेने पुढे पैसे भरून येणारे शिकाऊ घेणं बंद केलं होतं. श्रीमंत घरची मुलं येत आणि कामाला त्रासच जास्त होई. १८२९ मध्ये नॅस्मिथ वडिलांना घेऊन त्याच्याकडे गेला तेव्हा आधी हेच उत्तर मिळालं. मग नॅस्मिथने स्वतः बनवलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणि आपली रेखाटनं दाखवली, आणि मॉडस्लेने त्याला शिकाऊ म्हणून नव्हे तर आपला मदतनीस म्हणून खासगी वर्कशॉपमध्ये घेतलं. मला यात एक हिशेबी माणूस दिसतो. आपला वेळ किती मोलाचा आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून तो कुणाला द्यायचा हे तो पारखून ठरवत होता. आजच्या मोठ्या कंपनीत शिकाऊ निवडतो तो मनुष्यबळ विभाग आणि वेळ जातो तो काकांचा. ज्याचा वेळ जाणार त्याला विचारायची पद्धत नाही.

उलट बाजूने अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ उभा आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने निदान सात वर्षांची शिकाऊ उमेदवारी सक्तीची केली होती. १७७६ मध्ये स्मिथने त्यावर सडकून टीका केली. घड्याळं बनवण्यासारखी कला समजावून द्यायलाही काही आठवडे, कदाचित काही दिवस पुरेत, मग सात वर्षं कशाला, असा त्याचा सवाल. ही मुदत म्हणजे धंद्यात नवे लोक येऊ नयेत म्हणून घातलेलं कुंपण आहे, हा त्याचा रोख बरोबर होता. ती सक्ती १८१४ मध्ये उठलीही. पण त्याच ओघात त्याने हेही मान्य केलं होतं की हाताची सफाई सरावाशिवाय येत नाही. आणि शिकाऊला त्याच्या कामापुरती मजुरी द्यावी, बिघडवलेल्या मालाची भरपाई त्याच्याकडून घ्यावी, म्हणजे तो मन लावून शिकेल असं त्याने सुचवलं. माझ्या तीन शाफ्टचे पैसे माझ्या विद्यावेतनातून कापले असते तर मी आनंदाने दिले असते, बदल्यात ऑफसेटवरची बंदी उठायला हवी होती.

मोठ्या कंपनीची आणखी एक अडचण म्हणजे ती कामाचे फार बारीक तुकडे करते. हे तिच्या मोठेपणातूनच येतं. ज्या आराखड्यावरून मी शाफ्ट कापत होतो तो दुसऱ्या इमारतीत काढलेला, प्रोग्रॅम तिसऱ्याने लिहिलेला, जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर चौथ्याने बनवलेलं. लहान वर्कशॉपमध्ये एकच माणूस सकाळी गिऱ्हाइकाशी बोलतो, दुपारी जॉब कापतो आणि संध्याकाळी त्याच्या शिव्या खातो. त्याला कारण आणि परिणाम एकाच दिवसात भेटतात. आम्हाला ते जुळवून दाखवायला मधे माणूस लागतो. 'रोटेशन'ने ते साधेल अशी कंपन्यांची समजूत असते: आठ आठवडे इथे, आठ तिथे. प्रत्यक्षात विभागातल्या लोकांना तोंडओळख होऊन ते काही हातात द्यायच्या विचारात येतात तोवर निघायची वेळ होते. आठ विभाग पाहून झाल्यावर शिकाऊला कंपनीची चांगली माहिती होते. कारागिरीची नाही.

आणि कामगार की विद्यार्थी, हा घोळ आहेच. रविवारी माणसं कमी पडली की आम्ही कामगार. बोनसची चर्चा निघाली की विद्यार्थी. भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम १८ स्पष्ट सांगतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. तत्त्व म्हणून ते मला मान्यही आहे, कारण विद्यार्थ्याला उत्पादनाचा धाक नको. पण मग विद्यार्थी म्हटल्यावर शिक्षक कोण, हा पुढचा प्रश्न येतो, आणि कायद्याची अंमलबजावणी प्रामुख्याने डोकी मोजते. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे. टक्केवारी भरली की कागदावर काम फत्ते.

ब्रिटनने पैशाच्या बाजूने प्रयत्न केला. एप्रिल २०१७ पासून ज्या मालकांचं वार्षिक पगारबिल तीस लाख पौंडांच्या वर आहे, त्यांच्याकडून वरच्या रकमेवर अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे एक कर, घेतली जाऊ लागली. हे पैसे प्रशिक्षणावरच खर्च करायचे, मुदतीत न वापरल्यास हातचे जायचे. कल्पना चांगली होती. पण इंग्लंडमध्ये २०१५-१६ मध्ये सुमारे ५ लाख ९ हजार अप्रेंटिसशिप सुरू झाल्या होत्या, त्या २०१७-१८ मध्ये सुमारे ३ लाख ७६ हजारांवर आल्या. आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी नोकरीत आधीपासून असलेल्यांच्या व्यवस्थापन प्रशिक्षणालाच अप्रेंटिसशिपचा शिक्का मारून आपण भरलेली लेव्ही वसूल केली, ही टीका तिथे वारंवार झाली. कामाच्या वीस टक्के वेळ कामापासून दूर प्रशिक्षणाला द्यावा असाही नियम होता. तो वेळ शिकणाऱ्याचा. मशीनपाशी उरलेल्या ऐंशी टक्क्यांत त्याच्या शेजारी कोण उभं होतं, याची नोंद कुणी मागितली नाही.

जर्मनीचं कौतुक आपण फार ऐकतो, बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. 'आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस कारखाना' एवढंच सांगितलं जातं. मला तिथल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे परीक्षा कंपनी घेत नाही. ती चेंबर (उद्योग-व्यापाराची संस्था) घेतं, आणि परीक्षक मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, शिवाय व्यावसायिक शाळेचा शिक्षक असतो. दुसरी म्हणजे शिकवणाऱ्याचीही परीक्षा आहे. १९७२ पासून उद्योगातल्या प्रशिक्षकाला शिकवण्याची पात्रता सिद्ध करावी लागते. २००३ मध्ये प्रशिक्षणाच्या जागा कमी पडत होत्या म्हणून ही अट स्थगित केली. युक्तिवाद ओळखीचाच होता: कागदपत्रं कमी करा, कंपन्या जास्त शिकाऊ घेतील. २००९ मध्ये अट परत आणली. दर्जा घसरतो आणि मुलं मधेच सोडून जातात, ही तक्रार त्यामागे होती. तिथेही मशीनपाशी प्रत्यक्ष शिकवणारा प्रत्येक जण ही परीक्षा दिलेला नसतो, प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक बऱ्याचदा वरून देखरेख करतो. तरी कुणीतरी नावानिशी जबाबदार असतं. माझ्या लॉगबुकात जबाबदार होता 'विभाग'.

कंपन्यांचा आक्षेप मला माहीत आहे. शिकवून तयार केलेला पोरगा उद्या शेजारच्या कंपनीत जातो, मग खर्च आम्ही का करावा? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये हेच नीट मांडलं: जे कौशल्य कुठेही चालतं त्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही, शिकणाराच कमी पगार घेऊन तो सोसतो. बरं, सोसतो आहोत. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असतं ते त्याचसाठी. पण मग त्या कमी पगाराच्या बदल्यात माल मिळाला पाहिजे. अकरा आठवडे स्टिकर चिकटवून मी कोणतं कुठेही चालणारं कौशल्य विकत घेतलं? तिथे मी स्वस्त मजूर होतो आणि कंपनी फायद्यात होती. स्वित्झर्लंडमधले अभ्यास सांगतात की तिथल्या कंपन्यांचा प्रशिक्षणाचा खर्च सरासरीने प्रशिक्षणाच्या काळातच शिकाऊच्या कामातून भरून निघतो, कारण पोरं लवकर खऱ्या, कसबी कामाला लागतात. तिथवर पोचवणारा माणूस मधे लागतोच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या कंपनीला शिकाऊ घेतल्याबद्दल सरकारी पैसा, सवलत किंवा नुसती शाबासकी हवी आहे, तिने शिकवणाऱ्याचे तास दाखवावेत. प्रत्येक शिकाऊमागे एका माणसाचं नाव, आणि त्या माणसाच्या लक्ष्यातून आठवड्याचे ठरावीक तास लेखी कमी केलेले. चार तास म्हणा. मशीन थांबण्याच्या कारणांच्या यादीत 'प्रशिक्षण' हा पर्याय असावा आणि तो दाबल्याबद्दल कुणाला जाब विचारू नये. शिकाऊच्या चुकीने होणारं भंगार वेगळ्या खात्यात जावं, त्याला मर्यादा घाला हवं तर. शेवटची परीक्षा बाहेरच्यांनी घ्यावी. आणि शिकाऊ जसा शेवटी मूल्यमापनाचा फॉर्म भरतो, तसा काकांनीही भरावा: मी याला काय दिलं, काय देऊ शकलो नाही आणि का. हे तपासायला अवघड आहे, खोटे तासही लिहिले जातील, मला कल्पना आहे. पण आज खरे तास खोट्या नावाखाली लिहिले जातात, त्यापेक्षा ती फसवणूक पकडणं सोपं जाईल.

माझ्या वर्षाच्या शेवटी मला जो फॉर्म आला त्यात उपस्थिती, शिस्त, सुरक्षा बूट, कॅन्टीन, एकूण अनुभव असे रकाने होते. 'कुणाकडून शिकलात' हा रकाना नव्हता. मी 'इतर' मध्ये काकांचं नाव लिहिलं. ते कुणी वाचलं की नाही माहीत नाही. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कामगिरीच्या कागदावर त्या दिवसाचे उणे चौदा नग होते, आम्ही शिकलेली पोरं नव्हतो.

आता माझ्याच मशीनपाशी एक शिकाऊ मुलगी आहे. हुशार आहे, आवाजातला फरक तिला माझ्यापेक्षा लवकर कळला. गेल्या आठवड्यात ती बोअरचं, म्हणजे जॉबच्या आतल्या भोकाचं, माप घेत होती, गेज तिरका लागत होता, ती पुन्हा पुन्हा घेत होती. बरोबरच करत होती, फक्त वेळ लागत होता. मी बोर्डाकडे पाहिलं, सात नग मागे होतो. मी तिच्या हातातून गेज काढून घेतला आणि माप स्वतः घेतलं.

ती बाजूला सरकली आणि बर काढायला लागली.